कोरडं सरण

परवा संध्याकाळी ओट्यावर चहा घेऊन बसले, तर कपात पंख पडले. वाळवीला आमच्याकडे उधई म्हणतात. मृगाचा शिडकावा झाला की जमिनीतून पंखवाली उधई निघते, दिव्याभोवती गरगरते आणि पंख झाडून टाकून भिंतीच्या कडेनं अंधारात रांगत निघून जाते. सकाळी केरसुणीनं नुसते पंख गोळा करायचे. मी चहा मोरीत ओतला. हे म्हणाले, "पंखच त हायेत, काढून टाकाचे न् प्याचा." यांना काहीही चालतं, मला नाही चालत.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेले, तर अपेक्षेप्रमाणे भिंतीवर मातीची बारीक रेघ वर चढलेली. नखानं जरा खरवडली. आत पांढरट किडे, उजेड लागल्याबरोबर त्यांची पळापळ. गोठा आता रिकामा आहे. जनावरं कधीचीच गेली, लाकूडही गेलं. त्या रेघेला वर खायला काही नाही, तरी ती चढतेच आहे. मी चुलीतली राख आणून भिंतीच्या बुडाशी टाकली. काही कारण नव्हतं, पण या दिवसांत हाताला ते केल्याशिवाय चैन पडत नाही. गावाला हे पेरणीचे दिवस. मला हे लाकूड उलटायचे दिवस.

मी मेहकरची. वडील कचेरीत कारकून, घरात गॅस, बंब पेटवायलासुद्धा कांड्या विकत आणायच्या. लाकूड म्हणजे पाट, पोळपाट आणि देव्हारा एवढंच माहीत. लग्न होऊन जानेफळच्या अलीकडच्या या गावात आले तेव्हा दोन गोष्टी चमत्कारिक वाटल्या. एक म्हणजे गोठ्याला चौकट होती, बिजागऱ्या होत्या आणि दार नव्हतं. दुसरी म्हणजे त्या गोठ्याच्या अर्ध्या भागात, दगडांवर, छातीइतक्या उंचीची लाकडाची रास होती. साल काढलेली, सारख्या लांबीची, जाड बाजू एकीकडे आणि बारीक एकीकडे, अशी नीट. मी नव्या नवरीच्या उत्साहात त्यातला एक ओंडका ओढायला गेले. पाणी तापवायचं होतं.

"तिथलं नोको," सासरे मागून म्हणाले. त्यांना मी मामाजी म्हणायची. "चुलीचं लाकूड तिकडं भिंतीजवळ हाये, सूनबाई."

"मग हे कायचं आहे?"

"हे माझं हाये," मामाजी म्हणाले आणि विडी पेटवून बाहेर गेले.

मला वाटलं विकायला ठेवलं असेल. रात्री यांना विचारलं तर हे इकडेतिकडे पाहू लागले. शेवटी म्हणाले, आबांचं सरण आहे ते. स्वतःचं स्वतः रचून ठेवलंय. मी ताडकन उठून बसले. धडधाकट माणूस, दोन भाकरी खाऊन वर ताक पिणारा, आणि घरात स्वतःची चिता. मी यांना म्हटलं, तुम्ही सांगितलं असतं तर माझ्या बापानं दुसरीकडे पाहिलं असतं. हे हसले. मी हसले नव्हते.

त्या लाकडाचं मामाजी जे करायचे ते कोणी पोटच्या पोराचं करणार नाही. झाड तोडायचं ते पौषात, थंडीनं झाडातलं पाणी कमी झाल्यावर, आणि तेही अंधाऱ्या पक्षात. चांदण्यात तोडलेल्या लाकडाला कीड लवकर लागते, असं त्यांचं ठाम मत. खरं-खोटं देव जाणे. पण एकदा धुऱ्यावरचा निंब यांनी पौर्णिमेच्या आसपास पाडला, तर मामाजी यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत आणि ते लाकूड त्यांनी माझ्या चुलीकडे ढकललं. बाभूळ आणि निंब, हीच दोन. बाभूळ जळायला, निंब टिकायला. साल विळ्यानं सोलून टाकायची, कारण किडा सालीखाली घर करतो. मग उभं करून वाळवायचं, आडवं नाही. रास रचताना खाली काळे दगड, दगडाभोवती राखेचं रिंगण. गोवऱ्या मात्र लांब, दुसऱ्या भिंतीला, कारण शेणाच्या वासानं उधई आधी येते. आणि मृगाच्या तोंडावर सगळी रास उतरवून, एकेक लाकूड ठोकून पाहून, उलटून पुन्हा रचायची. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर द्यायचा. ठोकल्यावर खणखणीत वाजलं की ठेवायचं, भदभद वाजलं की बाजूला.

या कामाला मी कशी लागले ते आता नीट आठवतही नाही. यांना त्या राशीची शिसारी होती. मामाजींची कंबर धरू लागली. कोणीतरी लाकूड हातात द्यायला लागायचं. मी शाळेतून यायची, साडी खोचायची आणि चडफडत उभी राहायची. पोरं शिकवून दमून आलेल्या बाईनं सासऱ्याचं सरण वाळवायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं मनात म्हणायची. मग एक दिवस मनातलं तोंडावर आलं. मामाजी म्हणाले, "नसन कराचं त राहू दे." आणि स्वतः वाकून लाकूड उचलू लागले. मग काय, घेतलं मी.

एका वर्षी उधई खालून वर आली. दगडाच्या सांदीतून. बुडाची लाकडं वरून चांगली दिसत होती, हातात घेतली तर कागदासारखी हलकी, आत नुसती माती. मामाजी त्या लाकडांकडे बराच वेळ पाहत बसले. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. यांनी मेहकरहून औषधाचा डबा आणला. आमच्याकडे किडीच्या विषाला औषधच म्हणतात.

"एकदा मारून टाकू आबा. पाच वर्सं पाहाचं काम नाही."

"आन मंग त्याच्यावर मले ठेवशीन?"

"तुमाले काय फरक पडते तवा?"

"मले नाही पडनार," मामाजी म्हणाले. "तू जवळ उभा राहशीन ना. तुह्या नाकात जाईन थो धूर."

 डबा पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फवारणीला वापरला गेला. मामाजींनी परत पौषाची वाट पाहिली आणि बुडाचा थर नवा केला.

गावाचं म्हणाल तर गावाला ही रास सहनच होत नव्हती. शेजारच्या वच्छलाबाईंना तर अजिबात नाही. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या गोठ्याकडे उघडते, आणि गोठ्याला दार नाही, म्हणजे भाकरी थापता थापता समोर सरण. वच्छलाबाईंचं तोंड मोठं फटकळ. मामाजी लाकडाला हात लावायला आले की खिडकीतून सुरू. "जित्याजागत्या घराच्या मधात मसन मांडलं बुढ्यानं. पोरीले पाहाले पाहुने येतेत, त्याहीले काय सांगू, आमचा शेजारी मराची तयारी करून राह्यला म्हनून?" मामाजी वर न बघता म्हणायचे, "खिडकी लावून घे वच्छले." त्यांनी खिडकी लावली नाही आणि मामाजींनी लाकडं हलवली नाहीत. पोरीचं लग्न झालं, पोराचं, गजाननचं झालं, नातवंडं आली, तरी भांडण तेच. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की खिडकीतून आवाज आला नाही तर मी विचारायची, बाई बऱ्या आहेत ना.

शिव्यांपेक्षा मामाजींना दुसरीच गोष्ट लागायची. पावसाळ्यात गावात कोणी गेलं की ते लगेच निरोप धाडायचे, माझ्याकडे कोरडं आहे, घेऊन जा. कोणी यायचं नाही. जित्या माणसाचं सरण आपण वापरलं तर त्याचं मरण आपल्या घरात शिरतं, अशी गावात पक्की समजूत. लोक नदीवर ओली लाकडं न्यायचे, डिझेल ओतायचे, ट्रॅक्टरचे फाटके टायर घालायचे. काळा धूर गावावर यायचा आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. आमच्या गोठ्यात मात्र खणखणीत बाभूळ तशीच पडून. मामाजी ओट्यावर बसून त्या धुराकडे पाहायचे. "मागा ना बे," असं एकदा तोंडातल्या तोंडात म्हणाले. "मी नाही म्हनलो का?"

असं काऊन करता, हे मी त्यांना पुष्कळ दिवस विचारलं नव्हतं. एकदा लाकूड उलटता उलटता त्यांनी आपणहून सांगितलं. बायका नदीवर जात नाहीत, म्हणून तिथं काय होतं ते आम्हाला कळत नाही. पुरुष येतात, अंघोळ करतात आणि गप्प बसतात. तर माझ्या सासूबाई, मी यायच्या आधीच गेलेल्या, त्या भादव्यातल्या झडीत गेल्या. झड म्हणजे आमच्याकडचा तो दिवसच्या दिवस न थांबणारा पाऊस. नदीवर छप्पर नव्हतं. लाकूड ओलं. पेटवलं, विझलं. परत पेटवलं. डिझेल संपलं. लोक थांबून थांबून कंटाळले, एकेक करून निघाले, त्यांचंही चुकलं नाही. यांना ताप भरला होता म्हणून यांनाही घरी पाठवलं.

"मी येकलाच राह्यलो," मामाजी म्हणाले. हातातलं लाकूड ते पुसत होते, उगाच. "सारं विझलं तवा पाह्यलं. पाय तसेच राह्यले होते, सूनबाई. जोडवे घातलेले. कुत्रे बसले होते तिकडं."

मी हातातलं लाकूड खाली ठेवलं. 

"मंग घरी आलो. घरात कोरडं काईच नव्हतं. गोठ्याचं दार होतं सागाचं, माह्या बापानं बसवलेलं. कुऱ्हाडीनं काढलं न् घेऊन गेलो. त्याच्यावर झालं तिचं."

म्हणून गोठ्याला दार नव्हतं. हे तेव्हापासून नवीन बसवू म्हणत होते आणि मामाजी बसवू देत नव्हते. त्या दिवसानंतर मी चडफडणं सोडलं. चांगुलपणा म्हणून नव्हे. ते पाय माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. मी सासूबाईंना फोटोतही नीट पाहिलेलं नव्हतं, पण पाय पाहिल्यासारखे वाटायचे. लाकूड ठोकून बघताना मीही कान देऊ लागले.

आणि मग तो करोनाचा उन्हाळा आला. आजही ते दिवस वर्षातून एकदा परत येतात, वैशाख तापला की. रस्ते ओस, बस बंद, जानेफळचा बाजार बंद, आणि वर असं ऊन की पत्र्यावर ठेवलेल्या पापडाला तेल लागू नये. मामाजींना खोकला झाला, मग धाप लागली. यांनी गाडी करून शहरातल्या दवाखान्यात नेलं. निघताना मामाजींनी मागच्या सीटवरून गोठ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "औंदा उलटाचं राह्यलं. मिरग लागाच्या आंधी करून घेजो." मी हो म्हटलं. तोंडाला पदर धरून, लांबूनच. तेव्हा जवळ जायचं नव्हतं.

ते परत आले नाहीत. त्या दिवसांत मयत घरी देत नव्हते, हे सगळ्यांना माहीत आहे. यांना लांब उभं केलं. ओळीनं चिता, प्लास्टिकमध्ये बांधलेली माणसं, कोण कुठलं ते कळत नव्हतं. कोणाचं लाकूड, कोणी रचलं, अग्नी कोणी दिला, काही माहीत नाही. यांनी हात जोडले ते नक्की कुणाकडे बघून, हेही यांना सांगता येत नाही. नंतर एक मडकं मिळालं. ते घेऊन हे घरी आले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "आबाच हायेत की कोनी दुसरे, देव जाने."

मला त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. ज्या माणसानं उभा जन्म पावसाची धास्ती घेतली, तो नेमका अशा उन्हात गेला की ओलं लाकूडसुद्धा धडाडून पेटलं असतं. त्याला कोरड्या लाकडाची गरजच पडली नाही. गरज होती ती लेकाच्या हाताची, आणि त्याची तजवीज त्यानं कधी केली नव्हती, कारण ती करावी लागते हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी गोठ्यात गेले आणि त्या राशीला लाथ मारली. अंगठ्याचं नख गेलं. रास हलली नाही. शेजारची खिडकी उघडी होती, वच्छलाबाईंनी सगळं पाहिलं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत.

आता त्या लाकडाचं करायचं काय. सरणासाठी काढून ठेवलेलं लाकूड चुलीत घालत नाहीत. विकत कोणी घेणार नाही. फुकट दिलं तरी घेणार नाही. नदीवर नेऊन टाकू म्हणून हे मागे लागले. मी म्हटलं, राहू द्या. मृगाच्या आधी मी ती रास उतरवली, एकेक लाकूड ठोकलं, पाल्याचा धूर दिला. हे ओट्यावरून बघत होते.

"आता कायले उलटून राह्यली?"

"उधई लागीन म्हणून."

"लागू दे ना. आता कोनासाठी ठेवाचं?"

मी पुढचं लाकूड ठोकून पाहिलं. मग हेही हळूच उठून आले आणि लाकूड हातात द्यायला लागले. पुढच्या वर्षी तर हे मी न बोलावताच आले. पौषात बुडाची लाकडंही यांनीच बदलली, आणि तीही अंधाऱ्या पक्षात. हसू आलं मला, पण मी दाखवलं नाही.

गेल्या वर्षी वच्छलाबाईंनी अंथरूण धरलं. श्रावण संपत आला होता आणि झड लागली होती. कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटलं होतं, स्वयंपाकघराच्या दाराची फळी फुगून दार लागत नव्हतं. मी पेज घेऊन गेले. त्यांची खाट त्याच खिडकीशी लावलेली होती. बाई वाळून काडी झाल्या होत्या, पण डोळे तसेच. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अवं, थ्या बुढ्याचे लाकडं हायेत का अजून?"

मी म्हटलं, आहेत.

"कोरडे हायेत?"

"कोरडे आहेत."

"मले भिजत ठेवू नोको माय," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुह्या सासूचं मले मालूम हाये. मी याच खिडकीतून पाह्यलं होतं त्याले, दार तोडताना. कुऱ्हाडीनं तोडे न् रडे. कोनाले बोलली नाही मी." त्यांना धाप लागली. "मले भेव वाटे त्या लाकडाचं, म्हनून भांडो. तुले वाटलं असन खाष्ट हाये म्हातारी."

खरं सांगायचं तर मला वाटलं होतंच. आणि खरंच सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आधी 'नाही' आलं. ते मामाजींचं आहे, असं आलं. त्यांना मिळालं नाही ते दुसऱ्या कोणालाच मिळू नये, असंही आलं. चार वर्षं मी ते कोणासाठी जपत होते ते मला तेव्हा कळलं. मी मामाजी परत यायची वाट पाहत होते. मरण्यासाठी का होईना, घरी यायची. मी पेजेचा चमचा त्यांच्या तोंडाला लावला आणि हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. झड चालूच होती. गजानन अंगणात छत्री घेऊन उभा होता आणि फोनवर कोणाला तरी डिझेल मागत होता. टायर बघा म्हणत होता. आईचं बोलणं त्याला माहीत नव्हतं किंवा माहीत असून मागायची हिंमत नव्हती. त्याला त्याच्या लेकराबाळांची काळजी. मी कुंपणापाशी गेले आणि म्हटलं, "गजानन, ट्रॅक्टर आमच्या गोठ्याला लाव."

तो नुसता बघत राहिला. जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीनं मला कोपरानं ढोसलं.

"तुझ्या आईनं मागितलंय," मी म्हटलं. "आणि त्या लाकडावर आता जिवंत माणसाचं नाव नाही. लाव ट्रॅक्टर."

हे गोठ्यात शिरले. दार नव्हतं त्याचा त्या दिवशी उपयोग झाला, ट्रॉली पार आतपर्यंत मागे घेता आली. रास उतरताना मी उभी होते. मामाजींनी रचलेलं वरच्या थरातलं लाकूड, यांनी आणलेलं बुडाचं लाकूड, सगळं वाजत वाजत ट्रॉलीत पडलं. एकही भदभद वाजलं नाही. वर ताडपत्री बांधली. ट्रॅक्टर चिखलातून नदीकडे गेला आणि मी घरात आले, कारण आम्ही तिथवर जात नाही.

मग गच्चीवर गेले. छत्रीत उभी राहिले. नदीकडे बराच वेळ नुसता पाऊस दिसत होता. मला वाटलं, झालं, विझलं. मग झाडांच्या वर धूर दिसला. काळा नव्हता. करडा, जाड, सरळ वर जाणारा. तो पावसात तसाच राहिला. मी खाली उतरले नाही.

माणसं परत आली, हे आले नाहीत. शेवटपर्यंत थांबले. संध्याकाळ होता होता चिखलानं भरलेले, नखशिखांत भिजलेले आले. नदीवरून आलं की आधी अंघोळ, मग बोलणं, ही आमच्याकडची रीत. मी बादली भरून ठेवली होती. पण हे अंगणातच थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "काई राह्यलं नाही."

मी विचारलं, "पाय?"

"काईच नाही," हे म्हणाले. "झड पडत होती वरून, पन आत थेंब शिरला नाही. आबा पाह्यजे होते पाहाले."

हे मोरीकडे गेले. मी गोठ्यात गेले. दगडांची ओळ होती, राखेचं रिंगण होतं, मधली जमीन कोरडी ठणठणीत. त्या दगडावर बसले आणि तिथं मला रडू फुटलं, त्या वैशाखात न आलेलं. वच्छलाबाईंसाठी नव्हे, त्यांनी मला माफ करावं. "मामाजी, काई राह्यलं नाही," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. समोरच्या खिडकीत ऐकायला आता कोणी नव्हतं.